जैवइंधनाच्या उपपदार्थांपासून भूसुधारके

ऊस, धान्य किंवा तेलबिया यांपासून इंधन काढल्यावर गाळ, पेंड, सांडपाणी आणि राख मागे उरते. त्यावर प्रक्रिया करून जमिनीचा पोत, निचरा व सेंद्रिय कर्ब सुधारणारी भूसुधारके तयार करता येतात. खत पिकाला अन्नद्रव्य पुरवते, तर भूसुधारक मातीची घडण बदलते. या गटातले बरेच पदार्थ दोन्ही कामे करतात. भारतात अशा उपपदार्थांचा सर्वांत मोठा साठा साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्यांकडे असतो. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण जून 2022 मध्ये 10 टक्क्यांवर गेले, आणि पुढे 20 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवल्यामुळे या उपपदार्थांचे प्रमाणही वाढत गेले.

उसाच्या रसाची शुद्धी करताना गाळणीवर जो काळपट गाळ राहतो, तो प्रेसमड. गाळप केलेल्या उसाच्या तो साधारण 3 ते 4 टक्के भरतो. त्यात सेंद्रिय पदार्थ, स्फुरद, कॅल्शियम आणि उसावरचे मेण असते. दुसरा पदार्थ स्पेंटवॉश. साखर काढून उरलेल्या मळीचे, म्हणजे मोलॅसिसचे, किण्वन करून अल्कोहोल वेगळे केले की उरणारे हे गडद तपकिरी, उग्र वासाचे आम्लधर्मी पाणी. एक लिटर अल्कोहोलमागे ते साधारण 8 ते 15 लिटर निघते. उसाने जमिनीतून उचललेले पालाश साखरेच्या स्फटिकात उतरत नाही, मळीत साचते. अल्कोहोलात कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज काही नसल्यामुळे ते पुढे सगळे स्पेंटवॉशमध्ये राहते. नदीनाल्यात सोडल्यास हेच पाणी पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने संपवते आणि मासे मरतात. शेतात योग्य रीतीने पोचले तर उसाने नेलेले पालाश जमिनीला परत मिळते.

महाराष्ट्रात रुळलेली पद्धत बायोकंपोस्टची आहे. आसवनीजवळच्या पक्क्या तळाच्या यार्डात प्रेसमडचे लांबच लांब ढीग रचतात, त्यात जिवाणू-संवर्धक मिसळतात आणि स्पेंटवॉश टप्प्याटप्प्याने फवारतात. एका टन प्रेसमडमध्ये अशा रीतीने दोन-तीन घनमीटर स्पेंटवॉश जिरतो. एरोटिलर हे यंत्र ढिगावरून फिरून माल उलथत राहते. आतले तापमान 60 ते 70 अंशांपर्यंत चढते, त्यामुळे उलथताना ढिगातून वाफ उठते आणि फवारलेले बरेच पाणी उडून जाते. उष्णतेत तणांचे बी व रोगजंतू मरतात. साधारण दोन महिन्यांनी फवारणी थांबवून ढीग मुरू देतात. तयार खत काळे, भुसभुशीत असते. मुठीत दाबले तर हाताला चिकटत नाही, गरम लागत नाही आणि त्याला आंबूस वास राहत नाही. पावसाळ्यात उघड्या यार्डातून काळे पाणी वाहून जाण्याचा धोका असल्याने हे काम तेव्हा बंद ठेवावे लागते. ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे. तयार खत कारखाने बहुधा आपल्याच ऊसउत्पादक सभासदांना देतात.

कच्चा प्रेसमड थेट शेतात टाकण्याची प्रथा जुनी असली तरी तिचे तोटे आहेत. न कुजलेला गाळ जमिनीत तापतो, मेणामुळे पाणी शोषत नाही आणि कुजताना जिवाणू पिकाच्या वाट्याचा नत्र वापरतात, त्यामुळे उगवण मार खाते. कोणत्या पद्धतीच्या कारखान्याचा गाळ आहे, हेही पाहावे लागते. सल्फिटेशन पद्धतीच्या गाळात गंधक असल्याने तो चुनखडीयुक्त काळ्या जमिनीला चालतो. कार्बोनेशन पद्धतीचा गाळ चुन्याने भरलेला असतो, तो आम्लधर्मी जमिनीतच वापरावा.

भूसुधारक म्हणून स्पेंटवॉशचा सर्वांत लक्षवेधी उपयोग चोपण जमिनीत होतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांत, अतिपाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या आहेत. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, त्यामुळे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. अशी जमीन पावसात चिखल होते, उन्हात घट्ट होते आणि तिच्यात पाणी मुरत नाही. सोडियम हटवायला कॅल्शियम लागते, म्हणून जिप्सम टाकतात. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीच्या रूपाने कॅल्शियम आधीच असते, फक्त सामू जास्त असल्याने ते विरघळत नाही. चारच्या आसपास सामू असलेला कच्चा स्पेंटवॉश ही चुनखडी विरघळवतो, शिवाय स्वतःचेही कॅल्शियम देतो. सुटलेला सोडियम नंतर चांगल्या पाण्याने धुऊन चरांवाटे बाहेर काढावा लागतो. चर नसतील तर सारा खटाटोप फुकट जातो. स्पेंटवॉशची मात्रा उन्हाळ्यात, रिकाम्या शेतात, एकदाच द्यायची असते आणि काही आठवडे जमीन उघडी ठेवून मगच पीक घ्यायचे असते. बायोगॅस काढून घेतलेल्या स्पेंटवॉशचा सामू सातच्या वर जातो, त्यामुळे त्यात हा गुण उरत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय स्पेंटवॉश जमिनीवर सोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे: मात्रा चुकली तर विहिरींचे पाणी लाल-तपकिरी होते व विद्राव्य क्षार वाढून जी जमीन सुधारायची तीच बिघडते.

ब्राझीलचा अनुभव येथे उपयोगी पडतो. 1975 मध्ये तेथे अल्कोहोल-इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि स्पेंटवॉशचा प्रश्न आवाक्याबाहेर जाऊ लागला. 1978 मध्ये तो नद्यांत सोडण्यास बंदी झाली. तेव्हापासून कालवे व फिरत्या तुषारयंत्रांनी तो पातळ करून उसालाच दिला जातो. साओ पाउलो राज्यात त्याची मात्रा जमिनीत आधी किती पालाश आहे यावरून ठरवतात. दर वर्षी तेवढेच लिटर देण्यापेक्षा ही रीत कितीतरी सुरक्षित आहे.

भारतात अलीकडे अनेक आसवन्या स्पेंटवॉश आटवून घट्ट करतात आणि बॉयलरमध्ये जाळतात. सांडपाणी शून्यावर येते आणि पालाशयुक्त राख हाती लागते. तिच्यापासून किमान 14.5 टक्के पालाश असलेले दाणेदार खत बनवतात. देशात म्युरिएट ऑफ पोटॅश पूर्णपणे आयात होत असल्याने या खतावर 2021 पासून अन्नद्रव्याधारित अनुदान मिळते. मात्र जाळताना सेंद्रिय पदार्थ व नत्र निघून जातो. पालाशाचा पुरवठा म्हणून राख उत्तम, पण सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनीला बायोकंपोस्टचा पर्याय ती होऊ शकत नाही. तुलनेने समतोल मार्ग प्रेसमडपासून बायोगॅस काढण्याचा आहे: कर्बाचा काही भाग इंधनात जातो, न पचलेला भाग अन्नद्रव्यांसह घन व द्रव खत म्हणून जमिनीकडे येतो. बायोगॅस काढून उरलेल्या ताज्या स्लरीत नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपात असल्यामुळे ती पसरल्यावर लगेच मातीत मिसळावी लागते, नाहीतर नत्र हवेत उडून जातो.

बायोडिझेलसाठी करंज व मोगली एरंडाचे तेल काढल्यावर उरणारी पेंड विषारी द्रव्यांमुळे जनावरांना घालता येत नाही, म्हणून ती खतासाठीच वापरतात. करंजपेंडीत साधारण 4 टक्के नत्र असतो आणि तो सावकाश सुटतो. मका-तांदळाच्या इथेनॉलचा चोथा मात्र प्रथिनयुक्त असल्याने पशुखाद्यात जातो. जमिनीकडे तो शेणखताच्या वाटेने येतो.