कोठी कीं कपाट?

स्वयंपाकघर नव्यानें करूं पाहणाऱ्या गृहस्थापुढें हल्लीं एक प्रश्न हटकून उभा राहतो. सामानासाठीं एका कोपऱ्यांत दार लावून बंद करतां येईल अशी छोटी कोठी ठेवावी, कीं चारी भिंतींस कपाटें जडवून टाकावीं? सुतार एक सांगतो, गृहिणी दुसरें सांगते, आणि पैसे देणारा मुकाट्यानें दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो. हा प्रश्न वरकरणीं सुतारकामाचा दिसतो. परंतु त्याच्यामागें कित्येक शतकांचा इतिहास आहे, आणि तो धान्यापेक्षां माणसांचा अधिक आहे. म्हणून आम्हीं येथें त्याची थोडी चिकित्सा करण्याचें योजिलें आहे.

इंग्रजींत कोठीला ‘पॅन्ट्री’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचांतून आला, व त्याच्या मुळाशीं ‘पानिस’ म्हणजे भाकरी हा लॅटिन शब्द आहे. पोर्तुगीजांचा भाकरीवाचक शब्द त्याच मुळापासून निघाला व आमच्या चहाच्या बशीपर्यंत ‘पाव’ होऊन पोहोंचला. तेव्हां साहेबाची पॅन्ट्री आणि आमचा पाव हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. मध्ययुगीन इंग्लंडांत सरदाराच्या वाड्यांतील मोठ्या दिवाणखान्याच्या टोकास एक लांकडी आडोसा असे, व त्यामागें दारें असत. एक पॅन्ट्रीचें, दुसरें ‘बटरी’चें. बटरीचा लोण्याशीं कांहीं संबंध नाहीं. ती मद्याची पिपें ठेवण्याची जागा. मांसाच्या खोलीस ‘लार्डर’ म्हणत. ह्या खोल्यांवर स्वतंत्र कामदार नेमलेले असत, आणि आज ज्याला बटलर म्हणतात तो मूळचा बाटल्या-पिपांचा कारभारी होय. कोठीचा उपयोग वस्तु सांठविण्याचा खरा; पण जेथें कारभारी आला तेथें किल्ली आली, आणि किल्ली आली म्हणजे कोणास आंत सोडावें व कोणास बाहेर ठेवावें, हा विचार ओघानेंच आला.

आमच्या वाड्यांतून तरी निराळें काय होतें? सुगीनंतर वर्षाचें धान्य भरावयाचें, तें कणग्यांत किंवा पेवांत ठेवावयाचें. गुळाच्या ढेपा, लोणच्याच्या बरण्या आणि मडक्यांच्या उतरंडी ह्यांनीं कोठीची खोली भरून जाई, आणि तिची किल्ली घरांतील वडील बाईच्या कमरेला असे. धाकट्या सुनेला वाटीभर साखर हवी असली तरी आधीं, “सासूबाई, काढूं का?” म्हणून विचारावें लागे. दुष्काळांत ह्याच कोठीनें घरें तारलीं, हेंहि विसरून चालणार नाहीं. परंतु तिच्या अंधारांत किती सुनांचे हुंदके जिरले असतील, ह्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाची नाहीं.

कोठीच्या व्यवस्थेला मोठा धक्का बसला तो अमेरिकेंत. तेथें मध्यम स्थितींतील घरांस चांगला नोकर मिळणें कठीण, व मिळालेला टिकणें त्याहून कठीण. कॅथरिन बीचर व तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो (‘अंकल टॉम्स केबिन’ची कर्ती ती हीच) ह्या दोघींनीं १८६९ सालीं गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आगबोटीच्या भटारखान्याचा दाखला आहे. शेंकडों उतारूंचें अन्न जेथें शिजतें ती जागा इतकी आटोपशीर, कीं आचाऱ्यानें एकदोन पावलें टाकलीं म्हणजे हवी ती वस्तु हाताशीं येते. मग गृहिणीनेंच कोठी, चूल आणि पाणी ह्यांच्यामध्यें दिवसभर येरझारा कां घालाव्या? बीचरबाईंनीं पिठाचें पीप ओट्यालगत आणलें, वर फळ्या लावल्या, आणि चुलीची धग सरकत्या दारांपलीकडे ठेवली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं इंडियाना प्रांतांतील कारखान्यांनीं ‘हूझियर’ नांवाचें कपाट घरोघर खपविलें. त्यांत पिठाची टांकी व तिच्या तळाशीं चाळणी, साखरेचें भांडें, मसाल्यांच्या बाटल्या, आणि बाहेर ओढतां येणारा ओटा. सारी कोठीच जणूं कपाटाच्या पोटांत शिरली! १९१३ सालीं क्रिस्टीन फ्रेडरिक ह्या बाईंचें नव्या गृहव्यवस्थेवरील पुस्तक निघालें. कारखान्यांतील मजुरांच्या हालचाली मोजण्याचें शास्त्र त्यांनीं स्वयंपाकघरांत आणलें व गृहिणीचीं पावलें मोजलीं.

तें शास्त्र जर्मनींत गेलें, तेव्हां त्याला पूर्ण रूप आलें. पहिल्या महायुद्धानंतर तेथें घरांची विलक्षण टंचाई पडली. फ्रांकफुर्ट शहरांत एर्न्स्ट मे ह्यांनीं कामकरी वर्गासाठीं नव्या वसाहती उभारल्या, आणि त्यांतील स्वयंपाकघर मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की ह्या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईंनीं १९२६ सालीं आंखलें. लांबी सुमारें ३.४ मीटर, रुंदी १.९ मीटर, नमुना आगगाडीच्या भोजनडब्यांतील स्वयंपाकघराचा. तांदूळ, साखर, डाळी ह्यांसाठीं नांवें घातलेले आल्युमिनिअमचे खण. त्यांना मूठ व तोटी, म्हणजे खण काढून सरळ भांड्यांत ओततां यावा. पिठाचा खण मात्र ओक लांकडाचा, कारण त्यानें किडे दूर राहतात. रंग निळसर, कारण त्यावर माशा बसत नाहींत अशी समजूत होती. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बसविलीं गेलीं. कोठी उरलीच नाहीं, तिची किल्लीहि नाहीं. गंमत अशी कीं, हें सारें योजीपर्यंत बाईंनीं स्वतः कधीं घर चालविलें नव्हतें वा स्वयंपाक केला नव्हता. आणि ही गोष्ट त्यांनींच मोकळेपणानें सांगितली आहे.

पण राहणाऱ्यांच्या तक्रारी आल्याच. खण मुलांच्या हातास लागत. त्याहून मोठी अडचण अशी, कीं त्या खोलींत एका वेळीं एकच माणूस वावरूं शके. पावलें वांचलीं, पण ज्या बाईचीं वांचलीं ती एकटी पडली; मुलें, शेजारीण, मदतीला आलेली बहीण, सर्व दाराबाहेर. सासूच्या किल्लीतून सुटलेली स्त्री भिंतींच्या आड सांपडली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें नाझींच्या विरोधांत काम केल्याबद्दल त्यांना १९४१ सालीं अटक होऊन कित्येक वर्षें तुरुंगवास घडला. त्यांचें हें स्वयंपाकघर मात्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या संग्रहांत आहे.

आमच्याकडे कोठी गेली ती शास्त्रानें नव्हे, जागेच्या अभावानें. १९२० नंतर सरकारनें वरळी, नायगांव वगैरे भागांत बांधलेल्या चाळींत बिऱ्हाडास एकच खोली. तेथें कोठी कसली, भिंतीवर फळी आणि भांड्यांची मांडणी हेंच सर्वस्व. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें, तेव्हां वर्षाचें धान्य भरण्याची गोष्टच राहिली नाहीं. भिंतीवरचें कपाट आमच्याकडे पुष्कळ उशिरां आलें, आणि आलें तें जणूं प्रतिष्ठेचें चिन्ह म्हणून.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कपाट महाग पडतें, कारण प्रत्येक खोक्यास स्वतःच्या बाजू, पाठ, दार व बिजागऱ्या लागतात; कोठीस भिंती आधींच असतात, वर फळ्या ठोकल्या व एक दार लावलें कीं काम झालें. ओट्याखालचें कपाट २४ इंच खोल करण्याचा प्रघात आहे, त्यामुळें मागची बरणी दृष्टीआड होते व वर्षानें सांपडते. कोठींतील फळी १२ इंचांहून रुंद करूं नये; एका बरणीपुढें दुसरी येतां कामा नये. पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीस कपाट चिकटविणें आम्हांस पसंत नाहीं. जेथें महिन्याचा वाणसौदा एकदम येतो व घरांत दोघांतिघांचे हात स्वयंपाकाला लागतात, तेथें आमचें मत कोठीच्या बाजूनें आहे. मात्र ती वाऱ्याची असावी, तांदळाचा डबा खालच्या फळीवर असावा, आणि दाराला कडी पुरे; कुलुपाची सोय सुतारास करूं देऊं नये.