घरमालकाची अट की जातीची चौकशी?

ढोकीसारख्या गावातून शिकायला, नोकरीला लातूर-पुण्याला गेलेल्या आपल्या पोरापोरींना खोली बघताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "आडनाव काय?" आणि "नॉनव्हेज खाता का?" एम.ए.ला असताना मीही खोली घेतली होती. डिपॉझिट दिले, सामान लावले, भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो लावला. तिसऱ्या दिवशी मालकाने डिपॉझिट परत हातात ठेवले. म्हणाला, "आमच्याकडे शिस्त लागते." माझी बेशिस्त कोणती, ते शेवटपर्यंत कळले नाही.

मित्रांनो, ही 'शिस्त' नवी नाही. सप्टेंबर १९१७. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेली. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, तीही मिळाली नाही.

इथे कोणी म्हणेल, 'सराय पारश्यांसाठीच होती, नियम मोडला तर मालक बाहेर काढणारच.' ठीक आहे. मग पुढे काय झाले ते बघा. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. त्या घरांच्या दारावर कोणताच नियम लिहिलेला नव्हता, तरी दार उघडले नाही. अडचण नियमाची नव्हतीच, जातीची होती. भाडे थकले नव्हते, भांडण नव्हते, गोंगाट नव्हता. कमाठीबागेत काही तास बसून त्यांनी रात्री नऊच्या गाडीने मुंबई गाठली.

मग घरमालकाला काहीच अटी घालता येत नाहीत का? येतात. भाडे वेळेवर द्या, मोडतोड करू नका, परस्पर पोटभाडेकरू ठेवू नका, शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नका, या अटी रास्त आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ज्या शहरांना लागू आहे, तिथे अशा कारणांवरून न्यायालयाच्या आदेशाने जागा खालीही करून घेता येते. पण या अटी घराच्या वापराबद्दल आहेत. ताटात काय वाढले, भिंतीवर कोणाचा फोटो आहे, १४ एप्रिलला कोण भेटायला आले, याचा घराच्या विटांशी संबंध काय?

'घर माझे, मर्जी माझी' या युक्तिवादाला कायद्यात थोडी जागा आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य करू. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, हॉटेले, विहिरी यांची नावे घेते, खासगी घराचे घेत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारश्यांना देण्याचा नियम वैध ठरवला. 'नॉनव्हेज नको' ही अट या फटीतूनच आत येते.

पण कलम १७ ने अस्पृश्यता संपवताना सरकार आणि खासगी असा भेद केलेला नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास किंवा तिथे राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे समोरच्याने सिद्ध करायचे.

म्हणून भाडेकरार लेखी, नोंदणीकृत करा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर. आडनाव विचारून खोली नाकारली तर मेसेज जपून ठेवा, साक्षीदाराचे नाव लिहून ठेवा. गप्प बसून दुसरी खोली शोधू नका. मी तेव्हा तेच केले, ती माझी चूक होती. आणि संघटनांनी खासगी भाड्याच्या घरातही जात-धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारा स्पष्ट कायदा मागितला पाहिजे.

१९१७ मध्ये बाबासाहेबांच्या हातात यातला एकही कायदा नव्हता. आपल्या हातात आहे, तो वापरायचा की नाही हे आपण ठरवायचे.

जयभीम!