ऐकणारे आणि बोलणारे

पुण्यास आकाशवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेव्हा पिंपरीचे माळरान नुकतेच कारखानदारीकडे वळत होते. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग, एवढीच त्याची ओळख होती. आणखी तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, या केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्याचे महत्त्व आपण पुरते ओळखलेले नाही.

पुण्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा गावकरी रेडिओभोवती जमत, शेतीचा वा आरोग्याचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसात चर्चा करीत. कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची होती; पण आमच्या मते तिचे खरे मोल पुढच्या पायरीत होते. मंडळाच्या शंका लिहून केंद्राकडे जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. ऐकणारा प्रथमच विचारणारा झाला. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. तथापि ध्वनिक्षेपक सरकारचाच राहिला. गावाने विचारायचे, बोलायचे मात्र केंद्राने.

ही मर्यादा कायद्याच्या भाषेत मांडली जाण्यास १९९५ साल उजाडावे लागले. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. शक्ती साधारण शंभर वॅट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. माणदेशात म्हसवडच्या स्त्रियांनी असे केंद्र उभे करून दाखविले.

या पट्ट्यास त्याची गरज कमी आहे काय? जमीन गेलेला शेतकरी, भाड्याच्या खोलीत राहणारा मराठवाड्याचा वा बिहारचा कामगार आणि इंद्रायणीच्या पाण्याकडे रोज पाहणारी गृहिणी एकाच रस्त्याने जातात; परंतु एकमेकांचे म्हणणे ऐकण्याची जागा त्यांना नाही. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे, हे व्यंग आम्ही झाकीत नाही. मालमत्ता लोकांची आणि वार्ता मात्र सरकारची, ही वाटणी न्याय्य नव्हे.

दीडशे गावांनी प्रश्न विचारण्याचा हक्क वापरून दाखविला. बोलण्याचा हक्क वापरणे आता आपल्याकडे आहे. कागदावरचा हक्क न वापरल्यास पडीक जमिनीसारखा दुसऱ्याच्या ताब्यात जातो. जमिनीचा तो अनुभव तर या भागाने घेतलेलाच आहे.