जुनी जीप, बोलेरो घरच्या घरी कशी सांभाळायची? खान्देशातल्या रस्त्यांसाठी दुरुस्ती व सुधारणांची माहिती

जळगाव / धुळे : तापी काठची काळी जमीन एकदा भिजली की वावरात साधी कार जात नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात, चोपडा तालुक्यातील वैजापूर भागात, शिरपूरच्या बोराडीकडे किंवा साक्रीच्या पिंपळनेर परिसरात आजही जुनी जीप, कमांडर, बोलेरो आणि थार याच गाड्या कामाला येतात. खत, फवारणीचा पंप आणि मजूर यांच्यासाठी गाडी हीच. रात्री पाड्यावरून पेशंट दवाखान्यात न्यायचा असला तरी हीच. म्हणून तिची दुरुस्ती हा हौसेचा विषय राहत नाही. कोणतं काम घरी करता येतं, कोणतं मिस्तरीकडेच द्यावं आणि कोणती सुधारणा कायद्यात बसत नाही, याची ही माहिती.

आधी आपली गाडी ओळखा

महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे डिझेल इंजिनं आली, एमएम ५४० आली, २००० मध्ये बोलेरो आणि २०१० मध्ये थार आली. बाहेरून सगळ्या सारख्या वाटल्या तरी आतून फरक आहे. प्युजो जातीच्या जुन्या इंजिनात हीटर प्लग असतात. ते गेले की थंडीत गाडी सकाळी उठत नाही. सीआरडीई इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालतात. त्यांना फोर व्हील नसतं. त्यामुळे 'शेजाऱ्याने केलं तसंच' करायला जाऊ नये. आरसी बुकावरचं मॉडेल आणि वर्ष पाहूनच पार्ट घ्यावा.

घरी लागणारं सामान

रिंग व फिक्स पान्यांचा सेट, चाकाचा पाना, ग्रीस गन, हवेचा मीटर, टेस्ट लॅम्प, बॉटल जॅक आणि दोन मजबूत स्टँड एवढं असलं तरी अर्धी कामं होतात. काळ्या जमिनीत जॅक खाली धसतो, म्हणून त्याखाली जाड, रुंद फळी हवीच. उरलेल्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटांचा टेकूसुद्धा चालत नाही, वीट फुटते आणि गाडी अंगावर येते.

उन्हाळा : रेडिएटर

एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. फर्स्ट गिअरमध्ये, कमी वेगाने, वावरातून चालणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. इंजिन तापतं ते इथेच.

- रेडिएटरच्या जाळीत कापसाची बोंडं, भुसा, किडे अडकतात. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाणी मारून जाळी धुवावी. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पात्या वाकतात.
- बोअरचं जड पाणी टाकू नये. त्यातला क्षार नळ्यांत बसतो आणि रेडिएटर आतून चोंदतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात घालावं.
- फॅन बेल्ट, होज पाइप आणि क्लॅम्प पाहावेत. रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅप बदलावी.
- गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. त्याने मूळ दोष झाकला जातो. इंजिनाला नीट गरमी मिळत नाही, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवावा.

काटा लाल पट्ट्यात गेला की गाडी उभी करावी. कॅप लगेच उघडू नये. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

डिझेल आणि एअर लॉक

ड्रममधलं डिझेल टाकीत ओतलं की पाणी व गाळ आलाच. डिझेल बारीक जाळीतून गाळूनच घालावं, फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू वेळोवेळी सोडावा आणि फिल्टर मुदतीत बदलावा.

टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की जुन्या इंजिनात हवा धरते. अशा वेळी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड पंप मारावा. बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळावा. तरीही गाडी सुरू झाली नाही तर जुन्या साध्या पंपाच्या इंजिनात इंजेक्टरचे नट किंचित सैल करून सेल्फ मारतात.

मात्र हे सीआरडीई गाडीत अजिबात करू नये. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. त्याची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम छोटी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालंच तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

खालचा भाग : पाटे, क्रॉस, किंगपिन

पाट्याचा मधला बोल्ट तुटला की एक्सल सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. पाट्याचं काम झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. शॅकल बुश, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि स्प्लाइन यांना निपलमधून ग्रीस द्यावं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारावी. गिअर टाकताना खालून 'टक' असा आवाज येत असेल तर आधी क्रॉस पाहावा. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खूण करावी आणि खुणेला खूण जुळवूनच बसवावा, नाही तर गाडी थरथरते.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवावं. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर जुन्या जीपमध्ये दोष बहुधा किंगपिनचा असतो.

ब्रेक

कन्नड घाट असो, लळिंग असो की कोंडाईबारी, उतरताना गाडी गिअरमध्येच हवी. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत.

पॅडल दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर लाइनीत हवा आहे किंवा शूज अॅडजस्ट करायचे राहिलेत. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात. ब्रेक ऑइलच्या जागी दुसरं कोणतंही ऑइल टाकू नये, सगळी रबरं फुगतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या शूजमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसावी. हाताला सवय नसेल तर ब्रेकचं काम मिस्तरीलाच द्यावं.

फोर व्हील कधी लावायचं?

काही जुन्या जीपमध्ये पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात. ते न करता नुसता लिव्हर ओढून उपयोग नाही. फोर व्हील गाऱ्यात रुतण्याच्या आधी लावावं, रुतल्यावर नव्हे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते काढून टाकावं. वळताना पुढची व मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण ट्रान्सफर केस आणि क्रॉसवर येतो.

फरशी पूल आणि पाणी

पांझरा, बोरी, गिरणा किंवा अनेरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबणं हाच पहिला नियम. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी असेल किंवा तळ दिसत नसेल तर कोणतीच गाडी घालू नये. पाण्याला ओढ असेल तर त्याहून कमी पाणीही गाडी नेतं. स्नॉर्केल फक्त इंजिनाला हवा देतं, वाहून जाणारी गाडी ते धरून ठेवत नाही.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या साफसफाईचं काम पूर्ण इंजिनावर जातं. पाण्यातून आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून सुकवावेत. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल व गिअरबॉक्सचं ऑइल पाहावं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे, ऑइल लगेच बदलावं. अॅक्सलचा ब्रीदर चोंदला असेल तर हे हमखास होतं.

रुतलेली गाडी ओढताना

दोर चेसिसच्या हुकालाच बांधावा. बंपर, टाय रॉड किंवा ट्रॉलीच्या बॉलला बांधू नये. ताणलेला दोर तुटला तर टोकाचा लोखंडी हुक गोळीसारखा येतो. दोरावर ओलं पोतं टाकावं आणि माणसं दोराच्या दीडपट लांब उभी करावीत. वाळूत किंवा गाऱ्यात चाकाची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जास्त जागा धरतो. रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरावी.

मोठे टायर : हिशोब काय सांगतो?

बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटर भरते, २३५/७५ आर १५ ची ७३३. फरक ३० मिलिमीटरचा, पण डिफरन्शियल जमिनीपासून वर जातो फक्त निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर. त्याबदल्यात मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२-६३ ने पळते, चढावर दम कमी पडतो, ब्रेकवर भार वाढतो. त्याच मापात चांगल्या नक्षीचा टायर घेतला तर गाऱ्यात जास्त फायदा होतो.

लाइट आणि वायरिंग

साध्या ६०/५५ वॅटच्या दोन बल्बना लो बीमवर जवळपास ९ अँपिअर करंट लागतो. १०० वॅटचे दोन टाकले की तो सुमारे १७ वर जातो. जुना स्विच आणि बारीक वायर ते सोसत नाही, वायर वितळते आणि गाडी पेटू शकते. उजेड कमी वाटत असेल तर बल्ब तोच ठेवून बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज आणि रिले लावावा, अर्थिंग घासून साफ करावं. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालातही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद लागते. समोरच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. ठोकर बसल्यावर हा गार्ड समोरच्या पायी माणसाला जास्त मारतो आणि धक्का सरळ चेसिसवर नेतो. परवानगी नसलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, लाइट आणि धूर हेच पाहतात. म्हणजे वर सांगितलेली कामं वेळेवर केली तर पासिंगलाही अडचण येत नाही.

पैसे कुठे आधी घालायचे?

अनेक जण आधी गार्ड, लाइटचा पट्टा आणि रुंद टायर घेतात, ब्रेक शूज मात्र घासलेलेच राहतात. हे आधी कळस मग पाया असं झालं. क्रम असा ठेवावा : ब्रेक, स्टिअरिंग, टायर, रेडिएटर, पाटे, वायरिंग. एवढं झाल्यावर पैसे उरले तर सीट आणि ताडपत्री. उन्हाळ्याआधी रेडिएटर, मृगाच्या आधी ब्रेक-टायर-ब्रीदर आणि पावसाळा संपल्यावर सगळी ऑइलं तपासायची, एवढी नोंद गाडीच्या कागदांसोबत वहीत ठेवली तरी पुरे. पुढच्या वेळी मिस्तरीला काय सांगायचं, हे त्याच वहीत सापडतं.