पिंपरी-चिंचवडची भूमिविभागणी आणि तटस्थ सल्ल्याचा प्रश्न

पुण्याच्या उत्तरेस व वायव्येस, मुंबई आणि नाशिक मार्गांलगत जो औद्योगिक पट्टा आज चाकणपर्यंत पसरला आहे, त्याच्या जडणघडणीत कारखाना आधी आला व योजना मागाहून आली. हा क्रम ध्यानी घेतल्यावाचून तेथील जमिनीच्या वापराविषयीच्या वादांचा उलगडा होत नाही. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना 1954 मध्ये झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये अस्तित्वात आले व त्याने या परिसरातील विस्तीर्ण जमीन उद्योगांसाठी संपादन केली. पिंपरी-चिंचवडला स्वतःची नगरपालिका मिळाली ती मात्र 1970 साली. म्हणजे उद्योगांची जागा ठरली तेव्हा त्या निर्णयाचे ओझे वाहावयाची नागरी संस्था जन्मासही आली नव्हती.

मधल्या काळात, मार्च 1965 मध्ये, शासनाने धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मुंबई-पनवेल व पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे ठरविणे आणि त्यांसाठी अधिकारयंत्रणा सुचविणे, हे तिचे कार्य होते. गाडगीळ तेव्हा गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. त्यांनी केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग 1945 व 1952 मध्ये प्रसिद्ध झाले होते. कोणा जमीनमालकाशी वा कारखानदाराशी संबंध नसणे एवढ्याने सल्लागार तटस्थ ठरत नाही. ज्या तथ्यांवरून तो बोलतो ती छापलेली असून विरोधकासही तपासता येणे, ही खरी कसोटी होय. त्या कसोटीस उतरणारा माणूस येथे लाभला होता. समितीचा अहवाल 1966 मध्ये आला व त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम संमत झाला. परंतु पिंपरीच्या माळावर तोवर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या.

या अधिनियमात तज्ज्ञाला स्थान आहे, पण ते मर्यादित आहे. विकास योजनेच्या प्रारूपावरील हरकती ऐकण्यासाठी कलम 28 अन्वये जी नियोजन समिती बसते, तीत नागरी संस्थेचे तीन सदस्य आणि नगररचनेचे वा पर्यावरणाचे विशेष ज्ञान अथवा अनुभव असलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती असतात. प्रारूप सिद्ध झाल्यावरच ती बसते, आणि हरकतींवरील अहवाल सादर केला की तिचे काम संपते. पुढील फेरबदल कलम 37 खाली होतात. योजनेचे स्वरूप पालटणार नाही असाच बदल त्या कलमाने करता येतो. आता ‘स्वरूप’ या शब्दाची मराठीतील व्याप्ती पाहावी: बाह्य आकार आणि अंगभूत प्रकृती हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. हरित पट्ट्यातील एक भूखंड निवासी केल्याने स्वरूप पालटत नाही हे मान्य करता येईल; मग दुसऱ्याने, दहाव्याने ते पालटते काय? प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे येते, आणि त्यांची बेरीज करण्याचे काम कोणाकडेच नसते. शासनास मंजुरीपूर्वी नगररचना संचालकांशी विचारविनिमय करावा लागतो हे खरे. पण संचालक हा शासनाचाच अधिकारी असतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही बेरीज अधिकच अवघड होती. 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. ते 2021 मध्ये विसर्जित होईपर्यंत नगरपालिका (1982 पासून महानगरपालिका), औद्योगिक महामंडळ व प्राधिकरण अशा तीन संस्था शेजारशेजारच्या जमिनींचा विचार करीत होत्या. प्रत्येकीचे तांत्रिक अधिकारी निराळे. कामगाराचे घर महामंडळाच्या विषयपत्रिकेवर नव्हते आणि कारखान्याचा धूर प्राधिकरणाच्या.

तज्ज्ञांना समितीत बसविल्याने काय साधते, याचा दाखला शेजारच्या पुण्यात मिळतो. जुन्या हद्दीच्या विकास योजनेवर नियोजन समितीचे एकमत झाले नाही. नगरसेवकांचा व नियुक्त तज्ज्ञांचा असे दोन अहवाल आले. मार्च 2015 मध्ये शासनाने योजना आपल्या हाती घेऊन अधिकाऱ्यांची त्रिसदस्य समिती नेमली, आणि जानेवारी 2017 मध्ये तिला मंजुरी दिली.