लेखी तक्रार आली नाही

सकाळी आठच्या सुमारास कळंबोलीच्या हायवेवर उभं राहिलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक लोखंड बाजाराकडे निघालेली, दुसरी इस्पितळातली रात्र संपवून घरी परतणारी. आमच्या इमारतीतली एक मुलगी या दुसऱ्यांतली. एम.बी.बी.एस. झाली, आता एम.डी. करते. मध्यंतरी जिन्यात भेटली. सहज विचारलं, ‘‘काय गं, कशी चाललीय डॉक्टरकी?’’ म्हणाली, ‘‘काका, नुसता सासुरवास आहे.’’ हसली, आणि तिथेच पायरीवर बसली.

‘रॅगिंग’पेक्षा मला तिचा शब्द नेमका वाटतो. रॅगिंग म्हटलं की वसतिगृहातल्या नव्या पोरांची थट्टा डोळ्यांपुढे येते. इथे छळणारी व्यक्ती कालपर्यंत स्वतः सोसत होती. आम्ही नाही का काढलं? मग तुम्हीही काढा. चार दिवस सासूचे!

या सासरचा इतिहास अमेरिकेतून येतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात १८८९ नंतर विल्यम हॉलस्टेड या सर्जनने शिकाऊ डॉक्टरांची पद्धत बसवली. त्यांनी इस्पितळातच राहायचं, म्हणून ते ‘रेसिडेंट’. खाली पुष्कळ, वर एखादाच, असा तो पिरॅमिड होता. हॉलस्टेड स्वतः कोकेनच्या व्यसनात सापडलेला होता, हेही सांगायला हवं. आपल्याकडे पुढे हाच साचा आला. १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी नियम केला, सलग काम साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नको, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. कुठल्याही वॉर्डातल्या मुलाला हे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

मुंबईचं टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज १९२१ मधलं, असहकाराच्या दिवसांतलं. त्यातला ‘नॅशनल’ हा शब्द त्या काळच्या स्वाभिमानाचा आहे. त्याच कॉलेजच्या नायर इस्पितळात २०१८ साली डॉ. पायल तडवी स्त्रीरोग विभागात शिकायला आली. जळगाव जिल्ह्यातली मुलगी, मिरजेहून एम.बी.बी.एस. झालेली. तडवी हे सातपुड्याच्या पायथ्याचे भिल्ल, धर्माने मुसलमान, सरकारदरबारी आदिवासी. आम्हा मुसलमानांतही कित्येकांना हे लोक माहीत नसतात. २२ मे २०१९ रोजी, सव्विसाव्या वर्षी, पायलने वसतिगृहात आपलं जीवन संपवलं.

जातीवरून आणि राखीव जागेवरून टोमणे, रुग्णांसमोर अपमान, प्रसूतीच्या कामापासून दूर ठेवणं, असे आरोप तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर झाले. त्यांनी ते नाकारले. अटक झाली, जामीन मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उरलेलं शिक्षण पूर्ण करू दिलं. दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवायचं. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल.

पायलची आई आबेदा तडवी कर्करोगाच्या उपचारांसाठी त्याच इस्पितळात येत. लेकीला कशी वागणूक मिळते ते आपण डोळ्यांनी पाहिलं, आणि वरिष्ठांच्या कानावरही घातलं, असं घरच्यांचं म्हणणं. इस्पितळाचं उत्तर होतं, आमच्याकडे लेखी तक्रार आली नाही.

‘लेखी’ हा शब्द कायद्यातलाच आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांची लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. कायदा कडक आहे, पण तो कागद हातात पडल्यावर जागा होतो. आणि कागद लिहिणार कोण? जिने शस्त्रक्रियेत उभं राहायचं की नाही हे वरचे ठरवतात, जिच्या प्रबंधावर सही त्यांची, आणि जिला तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात त्याच माणसांबरोबर रात्रपाळी करायची आहे, तिने! कारखान्यातला कामगार निदान युनियनकडे जातो. ही मुलगी कामगारही आहे आणि विद्यार्थिनीही. तिचा मालक आणि तिचा परीक्षक एकाच खोलीत बसतात.

हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणातला जातिभेद रोखणारे नियम नीट अमलात आणा, अशी त्यांची मागणी. त्या प्रकरणाच्या ओघात जानेवारी २०२६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची नवी नियमावली निघाली. तिच्यावरून देशभर वाद पेटला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

जिन्यातल्या त्या मुलीला मी विचारलं होतं, तक्रार का करत नाहीस? ती म्हणाली, ‘‘काका, माझा प्रबंध अजून त्यांच्या टेबलावर आहे.’’ मग बॅग उचलून वर झोपायला गेली. दुपारी तिला परत जायचं होतं.