ढोलापासून किती लांब?

रेडिओवर पहिली कविता वाचायला गेलो, तेव्हा माझ्या कवितेत ‘फ’ फार होते. फुलं, फकीर, फाटकं आभाळ. मुद्रण ऐकलं तर प्रत्येक ‘फ’ला धप्प! ध्वनिमुद्रक हसून म्हणाले, ‘कविराज, तोंडातून शब्दाबरोबर वाराही येतो. माइकला तो सोसत नाही. वीतभर मागे सरका.’ मुशायऱ्यात माइक ओठांशी धरायची सवय तिथे मोडली आणि मायक्रोफोनच्या गोष्टी जमवायचा नाद लागला. त्यातलीच ही एक, तीही वाऱ्याचीच.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात ड्रम वाजवणाऱ्याच्या पायाशी आडवा ठेवलेला मोठा ढोल असतो. पायटा दाबला की गादीचा टोला पानावर बसतो. त्याला किक ड्रम म्हणतात. टोल्यासरशी हवेचा केवढा तरी लोट बाहेर पडतो. माइकच्या आत एक नाजूक पडदा असतो. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत म्हणूनच सक्त नियम होता : या ढोलाच्या दोन फुटांच्या आत माइक न्यायचा नाही.

६ एप्रिल १९६६. बीटल्सचा ध्वनिमुद्रक म्हणून जेफ एमरिकचा पहिला दिवस. वय वीस. गाणं ‘टुमॉरो नेव्हर नोज’. दोन फुटांवरून ढोल पोकळ, दूरचा वाटत होता. या पोराने एकेजीचा डी-२० माइक ढोलापासून जेमतेम तीन इंचांवर आणला. निवड विचारपूर्वक होती. हा डायनॅमिक जातीचा, म्हणजे पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेला, दणकट माइक. शिवाय एकाच दिशेने ऐकणारा असा माइक जवळ नेला, की खर्ज आपोआप वाढतो. घुमारा मारायला एमरिकने ढोलात लोकरीचा स्वेटर कोंबला. तो चार गळ्यांचा, चौघा बीटल्ससाठी गमतीने विणलेला!

आवाज छातीवर बुक्की मारल्यासारखा आला. पण माइक कंपनीचा, नियम कंपनीचा. एमरिक पुढे सांगत असे, की वरून लेखी परवानगी आली, मात्र फक्त बीटल्सच्या मुद्रणापुरती. म्हणजे तोच ढोल, तोच वारा. वाजवणारा नामवंत असला की माइक फुटत नाही! नियम काही मूर्खपणाचा नव्हता. पण पोराने कानावर भिस्त ठेवली, त्याची नोकरी पणाला होती, हे विसरून चालणार नाही.

मग जवळ नेणं हेच खरं का? पाच वर्षांनी नेमकं उलट घडलं. हॅम्पशायरमधलं हेडली ग्रेंज हे १७९५चं जुनं अनाथ-गरिबांचं घर. तिथे लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी अँडी जॉन्सने जॉन बोनमचे ड्रम जिन्याखालच्या दालनात मांडले आणि बायरचे दोन एम-१६० माइक वर जिन्यात लावले. हे रिबन जातीचे, आत धातूची पातळ पट्टी. वाऱ्याचा झोत लागला तर ती गेलीच. तेवढ्या उंचीवर वारा पोचत नाही. पोचतो फक्त नाद, भिंतींचा घुमारा घेऊन. एकाने घुमारा स्वेटर कोंबून मारला, दुसऱ्याने जिना चढून गोळा केला.

दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. हेडफोन मात्र बरे घ्या. मोबाइलच्या इवल्याशा भोंग्यातून हा खर्ज येतच नाही.